संध्याकाळचं इन्स्पेक्शन

श्रावण जवळ आला की कनेक्टिकटमधल्या मराठी बायकांना रत्नाकाकू आगाशे आठवायच्या. एरवी वर्षभर कुणी फोन केला नाही तरी काकू रागवायच्या नाहीत. म्हणजे रागवायच्या, पण तो राग श्रावणापर्यंत टिकवणं त्यांना जमायचं नाही. पहिला फोन यायचा तोच मुळी लाडीगोडीचा. "काकू, यंदा माझी दुसरी मंगळागौर. पत्री तुमच्याकडेच तोडायची ना?" आणि पत्री हा शब्द जणू आत्ताच कानावर येतोय अशा आवाजात काकू म्हणायच्या, "बघू बाई, यंदा पाऊस कसा होतोय त्यावर आहे."

पाऊस कसाही झाला तरी पत्री मिळायची. ग्लास्टनबरीतल्या त्यांच्या घरामागे हिरवळीचा लांबट तुकडा होता आणि तो संपला की रान सुरू व्हायचं. हिरवळ आणि रान यांच्यामध्ये एक चिंचोळा पट्टा होता. तिथं गवत कापायचं मशीन पोचायचं नाही आणि झाडांची सावलीही धड पडायची नाही, म्हणून तिथं सगळं माजायचं. रानद्राक्षाचे वेल, नेचे, रानटी स्ट्रॉबेरी, ओक आणि मेपलची कोवळी रोपटी. पलीकडून हरणं यायची आणि काकूंनी लावलेला गुलाब खाऊन जायची. त्या पट्ट्याला काकू 'माझी कड' म्हणायच्या. घर आगाशांचं होतं, पण कड एकट्या काकूंची होती.

सत्तरच्या दशकात त्या इथं आल्या तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. पुरुषोत्तमराव विमानाच्या इंजिनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. तयार भाग भिंगाखाली धरायचा, कुठं चीर किंवा चरा आहे का बघायचं आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं काम. कामामुळे स्वभाव तसा झाला की स्वभाव बघून काम मिळालं, हे काकूंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. नव्या पद्धतीची आमटी केली तर तीसुद्धा ते दोन घास खाऊन मगच पास करायचे.

पहिल्या श्रावणात काकू पत्री शोधायला निघाल्या. माहेरी चिपळूणला अंगणाबाहेर पाऊल टाकलं की आघाडा, दूर्वा, बेल, सगळं हाताशी. इथं बेल कुठून आणायचा? पण रानाच्या तोंडाशी त्यांना तीन-तीन पानांची चकचकीत वेल दिसली आणि देवी पावली असं वाटून त्यांनी ओंजळभर पानं खुडली. ती पॉयझन आयव्ही होती. गौरीला खाज सुटली की नाही ते कळायला मार्ग नव्हता, पण आगाशे नवराबायको पंधरा दिवस हातांना लेप लावून बसले. पुरुषोत्तमराव एवढंच म्हणाले, "बेल रिजेक्ट." त्यानंतर बेलाच्या जागी रानटी स्ट्रॉबेरीचं पान आलं ते कायमचं.

पुढं मुलं-बाळं घेऊन, व्हिसे घेऊन, पुण्या-नागपूरहून नव्या मुली येत गेल्या. आयटीवाल्यांच्या बायका, काही स्वतःच आयटीवाल्या. सोमवारी संध्याकाळी त्या काकूंच्या मागच्या दारी जमायच्या. काकूंचे नियम ठरलेले होते. पत्री दिवेलागणीच्या आत तोडायची. नखानं ओरबाडायचं नाही. आणि चपला-बूट पायरीशी काढून ठेवायचे, कारण पूजेची पानं अनवाणीच खुडायची. त्यातली एखादी विचारायचीच, "काकू, इथं टिक्स असतात म्हणे, त्या गोचिडी. चावल्या की लाइम डिसीज वगैरे?"

"असतात की," काकू म्हणायच्या. "पण आम्हाला इतक्या वर्षांत काही झालेलं नाही."

हे अगदी खरं होतं. काकू खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. फक्त त्या अर्धं सांगत होत्या, आणि उरलेलं अर्धं त्यांना कुणासमोर सांगता आलं नसतं.

ते अर्धं असं होतं. नव्वदच्या आसपास शेजारच्या घरातल्या मुलाचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. लाइम निघालं. तो कधी रानात गेलेला नव्हता, आपल्याच अंगणात बॉल शोधत फिरायचा. मुलगा औषधानं बरा झाला, पण पुरुषोत्तमराव कामाला लागले. गावाच्या लायब्ररीत या विषयावर भाषण होतं, तिथं पहिल्या रांगेत बसून आले. घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं, की कडेला जाताना पॅन्ट, पॅन्टचे पाय मोज्यात, आणि वर बूट.

"पत्री तोडायला बूट?" काकू म्हणाल्या. "मग देवीला पिझ्झाच दाखवते नैवेद्याला."

पुरुषोत्तमरावांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. तू तुझं सोवळं सांभाळ, मी इन्स्पेक्शन सांभाळतो."

तेव्हापासून उन्हाळ्यात काकू कडेवरून आल्या, की स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीशी त्यांना उभं राहावं लागायचं. मुलगा परीक्षित तोवर कॉलेजला गेला होता, घरात दोघंच. पुरुषोत्तमराव चष्मा चढवायचे, हातात कारखान्यातलं भिंग घ्यायचे आणि म्हणायचे, "मान खाली." मग अंबाडा सोडायचा. कानामागे, केसांच्या मुळाशी, मानेच्या खळगीत, पाठीवर, शेवटी वाकून गुडघ्यांच्या मागे. जिथं माणसाला स्वतःचं स्वतःला दिसत नाही ते सगळं ते बघायचे. एकदा बघून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

"झालं की आता," काकू म्हणायच्या. "गॅसवर दूध आहे."

"दोनदा बघितल्याशिवाय पास नाही. कारखान्याचा नियम आहे."

गॅसवर दूध बहुतेक वेळा नसायचं. दोघंही ज्या काळात वाढले त्यात नवऱ्यानं बायकोला चारचौघांत हाक मारणंसुद्धा धिटाईचं होतं. लग्नाच्या वाढदिवसाला फुलं नाहीत, विमानतळावर मिठी नाही. बायकोच्या मानेवरचे केस बाजूला करायला या मनुष्याला एक रोग लागला, असं काकू मनात म्हणायच्या आणि मान आणखी खाली घालायच्या. मग ते म्हणायचे, "पास." कधी क्वचित म्हणायचे, "रिजेक्ट. हलू नकोस," आणि चिमट्यानं खसखशीच्या दाण्याएवढा जीव अलगद ओढून काढायचे. मग काकू त्यांचं बघायच्या, पण ते जरा घाईघाईनं, कारण त्यांना स्वतःलाच लाजल्यासारखं व्हायचं.

हे सगळं मराठी मंडळातल्या मुलींना कसं सांगायचं? म्हणून काकू पत्री शिकवत राहिल्या, आणि संध्याकाळ स्वतःपाशी ठेवली.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये पुरुषोत्तमराव गेले. बर्फ साफ करून आत आले, खुर्चीत बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. त्यांनी आयुष्यात एवढी घाई कशाचीच केली नव्हती, आणि काकूंना त्याचा फार राग आला. तो राग जायला महिने लागले आणि तो गेल्यावर जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

श्रावण आला. आपल्याला आता कुणी बोलावणार नाही, आणि ते बरोबरच आहे, अशी काकूंनी मनाची समजूत घालून ठेवली होती. पण प्रतिमाचा फोन आला. प्रतिमा नागपूरची, बोलण्यात एक घाव दोन तुकडे, नोकरी, घर आणि पाच वर्षांची लेक आश्लेषा सांभाळून मंडळाचं सगळं करणारी. "काकू, सोमवारी येतो आम्ही. तुम्ही असं काही बोलायचं नाही, मला माहितीये तुम्ही काय बोलणार ते." काकूंनी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून रडल्या. बोलावलं म्हणून रडल्या, की ज्यांना हे सांगायचं ते नाहीत म्हणून, कोण जाणे.

त्या श्रावणात त्या दर सोमवारी अनवाणी कडेला गेल्या. सगळ्या जणी पानं घेऊन घरी गेल्या, की काकू स्वयंपाकघरात येऊन त्या खिडकीशी उभ्या राहायच्या. थोडा वेळ उभ्या राहायच्या, मग दिवा लावायच्या.

त्यातल्याच एका आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या मागे काहीतरी गरम लागलं. हाताला चट्टा लागला. हातआरशात बघितलं तर जांभळट, काळसर, तळव्याएवढा. लाइमचे फोटो त्यांनी बघितले होते. त्यात गोऱ्यापान पायावर लालभडक वर्तुळ असायचं, मध्ये ठिपका, नेमबाजीच्या फळ्यासारखं. हे तसं काहीच नव्हतं. पित्त उठलंय, काकूंनी ठरवलं, आणि कोकणातल्या बाईनं पित्तावर जे करावं ते केलं. आमसूल भिजत घातलं आणि त्याचं पाणी लावलं. पुढं चारपाच दिवस अंग मोडून आलं, कसर आली, मान आखडली. ते त्यांनी दुःखाच्या खात्यावर टाकलं. सोबतीचं माणूस गेलं की अंग दुखणारच. चट्टा आपोआप गेला आणि आमसुलाला श्रेय मिळालं.

थंडीच्या आधी परीक्षित येऊन आईला चँडलरला घेऊन गेला. ॲरिझोनाच्या वाळवंटात चिप बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनीअर होता. मोठं घर, बायको वैदेही मायेची, नात इशिता प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी पण प्रश्न न टाळणारी. तक्रार करावी असं काही नव्हतं आणि तीच मोठी अडचण होती. मागच्या अंगणात खडी होती, खडीपुढे भिंत, भिंतीपलीकडे दुसऱ्याची खडी. या गावाला कडच नव्हती. संध्याकाळ झाली की काकू नकळत पश्चिमेच्या खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. इशितानं एकदा विचारलं, "आजी, व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" काकू म्हणाल्या, "काही नाही गं, ऊन बघतेय." पाठ उन्हाकडे होती, पण पोरगी शहाणी, पुढं काही बोलली नाही.

जानेवारीत तोच उजवा गुडघा सुजला. नारळाएवढा झाला. गंमत म्हणजे सुजीच्या मानानं दुखायचा कमी, पण वाकायचा नाही. हाडांच्या डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं, वयाचा गुडघा आहे, पुढंमागं बदलावा लागेल. परीक्षितनं मग जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"आई, बी प्रॅक्टिकल. ते घर दोन मजल्यांचं आहे. तू आता तिथं जाऊन राहू शकणार नाहीस. मी विकायला लिस्ट करू का?"

"मला श्रावणात जायचंय," काकू म्हणाल्या. "एकदा. मग कर काय करायचं ते."

"गुडघा बघ तुझा."

काकूंनी गुडघा बघितला. तो मुलाच्या बाजूनं होता.

मे महिन्यात वैदेहीनं हट्टानं त्यांना सांध्यांच्या आजारांच्या दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. पिकल्या केसांची, सावकाश बोलणारी बाई. तिनं गुडघ्यातलं पाणी काढलं आणि मग सहज विचारलं, इथं येण्याआधी कुठं राहत होता. कनेक्टिकट ऐकल्यावर तिनं खुर्ची पुढं ओढली.

"हायकिंगला जात होता?"

काकूंनी मान हलवली. उगाच डोंगर चढायचा आणि उतरायचा, हे त्यांना कधी पटलं नव्हतं.

"कॅम्पिंग? शिकार?"

काकूंनी वैदेहीकडे बघितलं. "सांग त्यांना, आपण अंडंसुद्धा खात नाही."

"बागकाम?"

"ते हे करायचे."

डॉक्टरनं मान डोलावली. प्रश्न संपले होते. वैदेही मात्र सासूकडे बघत राहिली. "आई, पत्री?"

"पत्रीचं काय? ते काय बागकाम आहे?"

"पण तुम्ही कडेला जायचात ना."

"पूजा आहे ती," काकू जरा फणकाऱ्यानं म्हणाल्या. आपण रोगाला आमंत्रण देणाऱ्यांतले नाही, हे त्यांना ठाम माहीत होतं. शिकारी, गिर्यारोहक, तंबू ठोकून राहणारे, हे असले उद्योग करणारे लोक वेगळे. देवीसाठी पानं तोडणारी बाई त्यांत कशी बसेल?

वैदेहीनं इंग्रजीत सगळं सांगितलं. श्रावण, मंगळवार, पानं, अनवाणी पाय, हिरवळ आणि रान यांच्यामधला पट्टा. डॉक्टर ऐकत गेली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी पेशंटना विचारतेय, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता." आणि तिनं समजावून सांगितलं. त्या भागात हा आजार मुळीच दुर्मीळ नाही. खूप लोकांना होतो, आणि घनदाट रानात जाऊन नाही, बहुतेकांना आपल्याच घराच्या अंगणात, नेमकं गवत संपतं आणि झाडं सुरू होतात तिथं. हरणं आणि उंदीर जिथं फिरतात तिथं ती गोचीड असते. गवतात खेळणारी लहान मुलं आणि चाळिशी-पन्नाशीच्या पुढची माणसं या आजारात जास्त सापडतात. उन्हाळ्यातलं पिल्लू इतकं बारीक, की कितीतरी जणांना चावल्याचं कळतच नाही. गव्हाळ कातडीवर चट्टा फोटोतल्यासारखा दिसत नाही, म्हणून तो ओळखू येत नाही.

काकूंना आमसूल आठवलं.

"एक गोष्ट आपल्या बाजूची असते," डॉक्टर म्हणाली. "ती चिकटल्यापासून रोग अंगात उतरायला बहुतेक वेळा दीड-दोन दिवस लागतात. रोजच्या रोज कुणी नीट बघून काढून टाकली, तर सहसा काही होत नाही. तुमच्याकडे कुणी बघायचं का?"

वैदेहीनं हे मराठीत सांगितलं. गरज नव्हती, काकूंना कळलं होतं.

"बघायचे," काकू म्हणाल्या.

वैदेहीनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते इंग्रजीत लगेच सांगितलं नाही.

आम्हाला इतक्या वर्षांत काही झालेलं नाही. किती ऐटीत सांगायच्या त्या हे वाक्य, जणू देवीनंच कडेला पहारा बसवला होता. पहारा होता, पण तो चष्मा लावून स्वयंपाकघरात बसायचा. त्या अनवाणी हिंडत राहिल्या आणि तो मनुष्य दर संध्याकाळी त्यांच्या अंगावरून रोग वेचून टाकत राहिला, एकदा नाही तर दोनदा बघून. त्याचे आभार मानायचे तर दूरच, त्या म्हणायच्या, गॅसवर दूध आहे. काकूंना तिथं डॉक्टरसमोर रडायचं नव्हतं. तरी त्या रडल्या, आणि डॉक्टरला वाटलं, गुडघा दुखतोय.

रक्ताच्या तपासणीत लाइम निघालं. महिनाभर गोळ्या झाल्या. गुडघा हळूहळू ओसरला आणि जुलै उजाडेपर्यंत काकू जिना चढू-उतरू लागल्या. बरं होत असताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. यंदा त्या सगळ्या जणी कडेला जाणार, आणि आश्लेषा आईच्या मागे अनवाणी बागडणार, आणि त्यांना शिकवलंय कुणी? त्यांनी प्रतिमाला फोन केला, सगळं सांगितलं, बूट घाला, रोज बघत जा.

"हो हो काकू," प्रतिमा म्हणाली. "तुम्ही तब्येत सांभाळा. आम्ही आहोतच केअरफुल." मागे कुकरची शिट्टी झाली आणि तिचं अर्धं लक्ष तिकडं गेलं. या 'हो हो'चा अर्थ काकूंना चांगला कळत होता. त्यांनी स्वतः नवऱ्याला तो पंधरा वर्षं ऐकवला होता. हे फोनवर सांगून होणारं काम नव्हतं, ते हातानं दाखवावं लागणार होतं.

घर तोवर विक्रीला लागलं होतं, पण त्या वर्षी गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. काकूंनी पुन्हा विषय काढला. परीक्षित वैतागला.

"आई, सीरियसली? त्याच जागी परत? ज्या जागेनं तुला आजारी पाडलं तिथं?"

"जागेनं नाही पाडलं."

"मग कशानं? आणि तिथं तुझी पाठ कोण बघणार?"

त्यानं सहज विचारलं होतं. त्याला माहीतच नव्हतं की तो काय विचारतोय. पाठ कोण बघणार, हाच तर प्रश्न मार्चपासून, मागच्या मार्चपासून, काकूंसोबत झोपत आणि उठत होता. त्या उठून खिडकीशी गेल्या. वैदेही म्हणाली, "परीक्षित, घर रिकामं करायला तू ऑगस्टमध्ये जाणारच आहेस. आईंना घेऊन जा. मी सांगतेय."

असा सौदा ठरला. एक श्रावणी सोमवार, आणि मग घर काकूंच्या मनातूनही विकलं जाणार.

ग्लास्टनबरीचं घर बंद राहून कोंदटलं होतं, पण कड माजली होती. द्राक्षवेल हिरवळीवर हातभर पुढं सरकली होती. काकूंनी तिला बघितलं आणि ओळखीच्या माणसाला बघितल्यावर होतं तसं त्यांना झालं. सोमवारी संध्याकाळी पाचसहा जणी आल्या. प्रतिमा आली, सासर-माहेर दोन्ही पुण्याचं असलेली दीपा आली, आश्लेषा परकर सावरत आली. पायरीशी सगळ्यांनी सवयीनं चपला काढल्या.

काकू दारात आल्या आणि मुली बघतच राहिल्या. सलवारचे पाय मोज्यांत खोचलेले, आणि मोजे पुरुषोत्तमरावांचे, पांढरे, टाचेपाशी सैल. वर बूट.

"चपला घाला," काकू म्हणाल्या. "चपला नाही, बूट. ज्यांच्याकडे नसतील त्यांना मी देते."

"पण काकू, सोवळं?"

"देवीला मी सांगितलंय."

पत्री तोडून झाली. मग काकूंनी सगळ्यांना घरी जाऊ न देता स्वयंपाकघरात आणलं. परीक्षित तिथंच भांडी खोक्यांत भरत होता. काकूंनी ओट्याचा आधार घेतला. चेहरा तापला होता. साठीला आलेली बाई, मुलगा समोर, आणि सांगायचं काय तर हे.

"तुम्ही विचारायचात, आणि मी म्हणायचे, आम्हाला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "नाही झालं, कारण हे रोज संध्याकाळी माझी पाठ बघायचे. इथं, या खिडकीशी. केस सोडून. भिंग घेऊन. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, मला लाज वाटायची. मग हे गेले, आणि त्याच वर्षी मला झालं."

मग दीपा हळूच म्हणाली, "काका भलतेच रोमँटिक होते की."

"गप्प बस," काकू म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. "आणि काही नसलं तर म्हणायचे पास. असलं तर रिजेक्ट, हलू नकोस. दोनदा बघायचे. प्रतिमा, ये इकडं. मान खाली."

परीक्षितनं खोक्यातली भांडी बाजूला केली, तळाशी कागदात गुंडाळून ठेवलेलं भिंग काढलं आणि आईच्या हातात दिलं. वडिलांच्या सामानातली ही एक वस्तू त्यानं आधी कचऱ्यात आणि नंतर खोक्यात टाकली होती, कशाची आहे ते न कळून.

काकूंनी प्रतिमाचे केस सोडले. कानामागे, मुळाशी, खळगीत, गुडघ्यामागे. पुन्हा पहिल्यापासून. "पास." मग आश्लेषा, ती गुदगुल्यांनी हसत सुटली, तरी काकूंनी सोडलं नाही. पास. एकेक जण येत गेली. मग त्या एकमेकींचं बघू लागल्या, आणि त्या ओक्याबोक्या स्वयंपाकघरात हळदीकुंकवाला होते तशी गडबड झाली.

"काकू, आता तुम्ही," प्रतिमा म्हणाली.

काकू खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. ऊन उतरत होतं. मान खाली घातली. अंबाडा सुटला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाची तरी बोटं त्यांच्या मानेवरून फिरली. बोटं बारीक होती, नखं वाढलेली, अंगठीची कड टोचत होती. ती त्यांची नव्हती. काकूंनी डोळे मिटले तरी ती त्यांची झाली नाहीत.

उजव्या कानामागे बोटं थांबली.

"रिजेक्ट, काकू," प्रतिमा म्हणाली. "हलू नका."

गडबड थांबली. काकू हलल्या नाहीत. परीक्षितनं पुढं होऊन चिमटा दिला. प्रतिमानं खसखशीचा दाणा अलगद ओढला, तो नुकताच चढलेला होता, अजून धड चिकटलाही नव्हता. तिनं तो पांढऱ्या कागदावर ठेवून परीक्षितला दाखवला. तो कागदाकडे बघत राहिला, मग आईच्या मोकळ्या मानेकडे.

"झालं काकू," प्रतिमा म्हणाली. "निघाली. आता वर बघा."

काकूंनी मान वर केली नाही.

"पुन्हा बघ," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. ते दोनदा बघायचे."